चौथीच्या पोट्ट्यांना पिकासो दाखवावा का? चेहरा, अक्षर आणि शनिवारचे दोन तास

रेघोट्या | ३ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत चौथीला शिकवते. चित्रकलेची शिक्षिका नाही. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा काही भरली गेली नाही आणि "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच घ्या" म्हणून शनिवारचे दोन तास माझ्या गळ्यात पडले. मुलं ४४. साहित्य म्हणजे घरून आणलेले तेलखडू, त्यातले निम्मे तुटलेले.

गेल्या वर्षी सगळ्यांनी वर्षभर एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. नागपुरात नारळ कुठून आला हे विचारू नका. यंदा मी दोनच गोष्टी घ्यायच्या ठरवल्या आहेत: स्वतःचा चेहरा आणि स्वतःचं नाव. सोबत मोठ्या चित्रकारांची चित्रं दाखवायची.

नणंदेने तिच्या मुलाच्या वर्गातले फोटो पाठवले. पिकासोसारखे चेहरे. तीस चित्रं आणि तीसही एकसारखी! एक डोळा समोरून, नाक बाजूने, गाल अर्धा पिवळा अर्धा हिरवा. बाईंनी फळ्यावर काढलं असणार आणि मुलांनी उतरवलं. तीस झोपड्या काय आणि तीस पिकासो काय.

तर प्रश्न असा की नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे दाखवावं का? दाखवलं की ती उतरवणार. नाही दाखवलं तर झोपडी आहेच. आणि अक्षराचं काय? इंग्रजी अक्षरांचे नमुने ढिगाने मिळतात, देवनागरीत लहान मुलांसोबत कुणी काही केलंय का? पंधरा ऑगस्टला व्हरांड्यात प्रदर्शन लावायचं आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जुलै, रात्री ११.०२

चौथीतच चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवून राहिल्या का मॅडम? मग चेहरा सोडा, वस्तुचित्र घ्या. बादली, मग्गा, दोन संत्री. आमच्या पिढीने बादलीचा वरचा गोल काढता काढता मिशा फुटवल्या.

रेघोट्या | ३ जुलै, रात्री ११.१०

एलिमेंटरी नाही हो, प्राथमिक! ती परीक्षा बरीच पुढची.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जुलै, रात्री ११.१२

हाव का. मग माझा अनुभव बाद. तरी सांगतो, भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरला मी ठळक अक्षरं इतकी ठळक काढली होती की शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

कार्ट्रिज_कागद | ४ जुलै, सकाळी ७.२५

२८ वर्षं कलाशिक्षक होतो, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आधी चित्रकार दाखवू नका. आधी चेहरा दाखवा. मुलांनी तो पाहिलेलाच नसतो. कुठल्याही चौथीच्या वर्गात डोके काढायला सांगा, निम्म्याहून जास्त मुलं डोळे कपाळात काढतील, कारण त्यांच्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक आणि तोंड. कपाळाला आणि केसांखालच्या कवटीला काही काम नाही, म्हणून जागाही नाही. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. हे सांगून पटत नाही, मोजायला लावा. अंगठा डोळ्याच्या कोपऱ्यावर आणि करंगळी हनुवटीवर ठेवायची, तोच हात तसाच वर सरकवायचा. वर्गात एकदम गलका होतो, "मॅडम, माझं डोकं केवढं मोठं आहे!"

मग कान. भुवईच्या रेषेपासून नाकाच्या शेंड्याच्या रेषेपर्यंत. दोन डोळ्यांमध्ये साधारण आणखी एक डोळा मावतो. बस. याच्या पुढचं प्रमाण चौथीला शिकवू नये. या वयात मुलाचा एक ठरलेला साचा असतो, आई म्हणजे त्रिकोणी साडी आणि बाबा म्हणजे मिशी. तो साचा थोडा हलवायचा, मोडून टाकायचा नाही. जास्त दुरुस्त्या केल्या की मूल सहावीत "मला चित्र येत नाही" म्हणून वही बंद करतं. अशी मुलं मी शेकड्यांनी पाहिली, काही माझ्याच हातून झाली.

निळी_शाई | ४ जुलै, सकाळी ९.४८

कार्ट्रिज सरांशी असहमत. उतरवण्याला एवढं घाबरायचं काय? गाणं शिकताना गुरूची तान जशीच्या तशी घोटतोच ना? अक्षर कसं शिकलो? पहिल्या ओळीत बाईंनी लिहिलं, खाली दहा वेळा आपण. चित्रालाच हा सोवळेपणा का?

कार्ट्रिज_कागद | ४ जुलै, सकाळी १०.३०

तान घोटताना गुरू समोर असतो, श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. पिकासोचं छापील चित्र उतरवताना त्याने काय सोडून दिलं ते दिसत नाही, फक्त काय ठेवलं ते दिसतं. म्हणून तीसही सारखी होतात. घोटायचंच असेल तर समोर बसलेल्या मित्राचा चेहरा घोटू द्या.

निळी_शाई | ४ जुलै, सकाळी १०.४१

हे "सोडून दिलेलं दिसत नाही" बरं आहे. तरी मत बदललेलं नाही :)

फुटाळ्याची_हवा | ४ जुलै, दुपारी १.१५

स्वतःचा चेहरा काढायला ४४ आरसे लागतील की. जुन्या सीड्या चालतात. घरोघरी पडल्या आहेत, फुटत नाहीत, मागची बाजू आरशासारखी. अडचण एकच, नाकाच्या जागी भोक येतं.

वऱ्हाडी_ठेचा | ४ जुलै, दुपारी १.१९

तेच तर आधुनिक कलेचं द्वार आहे भाऊ.

कन्हानकाठ | ४ जुलै, दुपारी ३.५०

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी कामठीकडे तिसरी-चौथीला शिकवते, गेल्या वर्षी हेच केलं होतं. चेहऱ्याचा पहिला तास. पाचव्या मिनिटाला ओरड सुरू, "मॅडम, स्किन कलर द्या ना", "मॅडम, याने माझा स्किन कलर घेतला". डबीत तो एक फिकट गुलाबी खडू असतो ना, तो. वर्गात ३९ मुलं आणि त्या खडूच्या रंगाचं एकही नाही. नागपूरचं ऊन खाल्लेली पोरं आमची. सगळी त्याच गुलाबी रंगात रंगवून मोकळी. एका मुलीने चेहरा कोराच ठेवला. का, तर म्हणाली, माझा रंग डबीत नाही.

मी तो खडू सगळ्यांकडून गोळा केला आणि कपाटात ठेवला. पुढच्या शनिवारी पोस्टर रंग नेले. पिवळा, लाल, पांढरा आणि अगदी चिमूटभर निळा. काळा मुद्दाम नेला नाही, कारण काळा घातला की रंग मरतो आणि "काळा" हा शब्दही वर्गात येतो. प्रत्येकाने आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून बघायचा, ठिपका दिसेनासा झाला की तो आपला रंग. अर्धा तास नुसते ठिपके चालले होते. कुणाला लाल जास्त लागला, कुणाला निळा. मग त्या रंगांना नावं ठेवली: गुळाचा, चहाचा, भिजल्या विटेचा, खारकेचा. कोऱ्या चेहऱ्याच्या मुलीने तिच्या रंगाचं नाव "तव्यावरची भाकर" ठेवलं. भाकर जिथे जास्त भाजते तिथला, असंही सांगितलं.

आणि मग अमृता शेरगिलची चित्रं दाखवली. बुडापेस्टला १९१३ मध्ये जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, आणि भारतात परतल्यावर तिने इथल्या माणसांचे तपकिरी, मातकट, हळदी रंग कसे लावले ते. मुलांनी तिच्या चित्रात आपापले रंग शोधले. "मॅडम, ही गुळाची आहे!" जेमतेम २८ वर्षांचं आयुष्य मिळालं तिला, हे मुलांना सांगितलं नाही. मोठ्यांना सांगते आहे.

रेघोट्या | ४ जुलै, सायंकाळी ५.०५

कन्हानकाठ, मी हा प्रतिसाद छापून कपाटाच्या आत चिकटवणार आहे. माझ्या वर्गात उद्याच ही ओरड होईल.

सदर_बाजार | ४ जुलै, सायंकाळी ६.३०

फ्रिडा काहलो दाखवणार असाल तर जपून. मेक्सिकोची ही चित्रकार. १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणावर पडून तिने स्वतःचे चेहरे रंगवायला घेतले. मुलांना फार आवडते, माकडं आणि फुलं असतात म्हणून. पण तिच्या जुळलेल्या भुवया बघून आमच्या सोसायटीच्या शिबिरात मुलांनी एका मुलीला चिडवायला सुरुवात केली, कारण तिच्याही जुळतात. मी घाईघाईने विषय बदलला. आता वाटतं, बदलायला नको होता. तिनेच तिच्या भुवया मुद्दाम तशा रंगवल्या, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

व्हॅन गॉग बिनधोक आहे. ३५ हून जास्त वेळा स्वतःला रंगवलं, कारण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. हे कारण मुलांना लगेच पटतं.

ब्रश_नंबर_आठ | ५ जुलै, सकाळी ११.२०

मी काही लिहिणारा माणूस नाही जी. पोरीनं हे वाचून दाखवलं, तिच्याचकडून टाइप करून घेऊन राहिलो. तीस वर्षं इतवारी-गांधीबागेत बोर्ड रंगवले. दुकानाचे शटर, ट्रकचे पाठ, लग्नाच्या कमानी, आन ऑक्टोबर आला का बाबासाहेबांचे फोटो. दीक्षाभूमीच्या कार्यक्रमाच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या दुकानात कोणी झोपत नव्हतं. फ्लेक्स आला आन सगळं बसलं.

तुम्ही लोक चेहरा वेगळा आन अक्षर वेगळं धरून राहिले. आमच्यात तसं नव्हतं. एकाच हातानं दोन्ही. आमचे उस्ताद ज्याले नाव धड लिहिता येत नाई त्याले चेहऱ्याले हात लावू देत नव्हते. पहिलं सालभर मले फक्त उभी रेघ आन अर्धा गोल. काहून का, नाकाची रेघ म्हणजे काना आन गालाचा गोल म्हणजे व. हे मले दहा सालानं समजलं.

बाबासाहेबांचा चेहरा काढाचा तं नवशिका पहिले चश्मा काढते. चुकते. पहिले कपाळ बसवाचं. कपाळाची जागा बरोबर बसली का चश्मा आपोआप बसते. त्या सरांनी डोळे मधात येतात म्हणून लिहिलं, तेच आहे हे.

अक्षराचं सांगतो. पट्टी घेऊन दोन अक्षरातली जागा मोजू नका. "र" च्या बाजूची जागा आन "म" च्या बाजूची जागा पट्टीवर सारखी राहते, डोळ्याले नाई राहत. उस्ताद म्हणायचे, अक्षराच्या मधात पाणी ओत, सगळीकडं सारखं मावलं पाहिजे. पोट्ट्याईले हे सांगा, लवकर समजते त्याईले.

आन रेघ पट्टीनं मारू नका. निळीत दोरी बुडवा, दोन पोट्टे ताणून धरतील, तिसरा मधात टिचकी मारल. फटकन सरळ रेघ. पूर्ण वर्ग रांग लावल टिचकी माराले.

निळी_शाई | ५ जुलै, सकाळी ११.४४

काका, तुम्ही "लिहिणारा माणूस नाही" म्हणता! नाकाची रेघ म्हणजे काना. वाखुसा (वाचनखूण साठवली).

फुटाळ्याची_हवा | ५ जुलै, दुपारी १२.१०

चित्रकार एम. एफ. हुसेनही तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. म्हणजे काकांची बिरादरीच. दोन माळे उंच नाक रंगवलेल्या माणसाला पुढे कुठला कॅनव्हास मोठा वाटणार?

मोडीवेडा | ५ जुलै, रात्री ९.३०

आता अक्षराकडे येतो, कारण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग अजून कुणी नीट घेतलेला नाही.

सगळ्यात स्वस्त कट-निब (चपट्या, तिरक्या टोकाची लेखणी) म्हणजे दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधायच्या. दोन्ही टोकं कागदाला टेकवून, हात न फिरवता, नाव लिहायचं. अक्षराची दुहेरी रेघ उमटते आणि जाड-बारीक आपोआप दिसतं. मधली जागा रंगवा की झालं. दुसरा प्रकार म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. टोक तिरकं कापायचं आणि पाणी घातलेल्या पोस्टर रंगात बुडवायचं. देवनागरीसाठी बोरूचा काप वेगळा असतो. इंग्रजीचं निब आहे तसं धरून लिहिलं की जाडी भलत्याच जागी येते आणि अक्षर परकं वाटतं. म्हणून काड्या दोन्ही बाजूंनी कापून ठेवा आणि मुलांनाच ठरवू द्या कोणती आपली.

मोठ्या चित्रकारांत अक्षराचा माणूस हवा असेल तर अमेरिकेचा रॉबर्ट इंडियाना. त्याने प्रेम या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं दोनावर दोन अशी रचली आणि वरचं गोल अक्षर कलतं केलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या नाताळ-शुभेच्छापत्रासाठी केलेलं, १९७३ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं. मराठीत असं करायला बिनकान्याचा, बिनवेलांटीचा चार अक्षरी शब्द लागतो. सरबत, अजगर, करवत. आमच्या मुलांनी एकमताने "गडबड" निवडला. वर "गड", खाली "बड", आणि कोणतं अक्षर कलवायचं हे ज्याने त्याने ठरवायचं.

इथेच खरी गंमत आहे. शिरोरेषेचं काय करायचं? अक्षर कललं की रेषा तुटते. काही मुलांनी तुटू दिली, काहींनी रेषाच वाकवली, एकाने कललेल्या "ड" ला रेषेवरून लोंबकळणारा हात काढला. इंग्रजीवाल्यांना हा पेच पडतच नाही. मोडीत तर आधी ओळभर रेषा मारून घ्यायचे आणि मग अक्षरं खाली टांगायचे. मुलांना हे दाखवलं तर म्हणाली, "कपडे वाळत घालतात तसं!"

आणखी एक, जॅस्पर जॉन्सने १९६० च्या सुमारास शून्य ते नऊ हे आकडे एकाच जागी एकावर एक काढले. तेच देवनागरी आकड्यांनी करा. ० च्या पोटात ४ आणि ८ अडकले की मुलं तासभर शोधत बसतात. दुसरीलाही जमतं.

सीताबर्डी_लोकल | ५ जुलै, रात्री १०.०५

अक्षर शिकवताच आहात तर "ल" आणि "श" मराठी शिकवा ही नम्र विनंती. पाकळीचा ल आणि देठाचा श. २००९ च्या शासननिर्णयातच आहे हे. नागपुरात अर्ध्या पाट्यांवर हिंदीचा ल दिसतो.

वऱ्हाडी_ठेचा | ५ जुलै, रात्री १०.११

सुरू झालं.

निळी_शाई | ५ जुलै, रात्री १०.२०

नागपुरात दोन्ही ल नांदतात, नांदू द्या. मुलाने आपल्या नावात कोणता घ्यावा ते त्याच्या नावाला विचारा. मला स्वतःला पाकळीचा गोड वाटतो, पण दांडीच्या ल ला अगदी गावाबाहेर काढायची गरज नाही.

सीताबर्डी_लोकल | ५ जुलै, रात्री १०.३४

नांदण्याला विरोध नाही. निदान मुलांना दोन आहेत हे तरी कळावं. आमच्या पुतण्याने पाकळीचा ल बघून विचारलं, "हे कोणतं अक्षर आहे?"

ब्रश_नंबर_आठ | ६ जुलै, सकाळी ८.००

गिऱ्हाईक जो म्हणल तो ल. पैसे तेवढेच.

सदर_बाजार | ६ जुलै, सकाळी ९.१५

काकांनी धाग्याचा निकाल लावला.

मराठी अक्षरकारांचीही नावं मुलांना सांगा. नाटकाच्या जाहिरातीत नुसत्या नावाच्या वळणावरून नाटक हसवणार की रडवणार ते कळायचं, ते कमल शेडगे यांच्यामुळे. २०२० मध्ये गेले. र. कृ. जोशी यांनी तर संगणकासाठी देवनागरी घडवली, मंगल फाँट त्यांचाच.

वऱ्हाडी_ठेचा | ६ जुलै, सकाळी ९.२२

मंगल? टायपिंगच्या परीक्षेत ज्याने माझा घाम काढला तो? त्यांना माझा नमस्कार सांगा, दुरून.

अजब_बंगला | ६ जुलै, दुपारी ४.४०

इतके परदेशी झाले, मग आपल्या गावातल्याचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? सय्यद हैदर रझा. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला. आणि १९३९ ते १९४३ या काळात ते आपल्या नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. नंतर मुंबई, मग पॅरिस. त्यांचा प्राथमिक शाळेतला किस्सा तुमच्या कामाचा आहे. पोराचं लक्ष वर्गात टिकत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांत बिंदू होऊन आला. जगभर गाजलं ते.

अक्षराशीही संबंध आहे. पॅरिसला राहून ते कॅनव्हासवर देवनागरीत ओळी लिहीत. १९८१ च्या "माँ" या चित्रात हिंदी कवितेची ओळ आहे. मुलांना नुसतं एवढं दाखवा की चित्रात लिहिलेलं चालतं. माझ्या शाळेत चित्रावर नाव लिहिलं तर मार्क कापायचे.

कन्हानकाठ | ६ जुलै, सायंकाळी ५.५८

रझांचा तो किस्सा उलटाही वाचता येतो. मास्तरांनी चित्र शिकवलंच नाही, फक्त बघायला बसवलं.

फुटाळ्याची_हवा | ६ जुलै, सायंकाळी ७.१०

चेहरा आणि अक्षर एकत्र हवं असेल तर महाल भागात जा की. चितारओळीत मूर्तींचे डोळे रंगवताना उभे राहा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत निघणारी मारबतीची मिरवणूक आहेच! काळी मारबत, पिवळी मारबत, चेहरा केवढा, आणि बडग्यांच्या, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांच्या, गळ्यात पाट्या. भ्रष्टाचार, महागाई, जे काही असेल ते. नागपुरात एवढं मोठं चेहरा-अक्षराचं प्रदर्शन रस्त्यावरून फिरतं आणि आपण पिकासो शोधतोय.

वऱ्हाडी_ठेचा | ६ जुलै, सायंकाळी ७.१८

मारबत बघून परत येताना तर्री पोहे अनिवार्य.

सीताबर्डी_लोकल | ६ जुलै, सायंकाळी ७.२०

आता तर्री कुठली चांगली यावर शंभर प्रतिसाद होतील. वेगळा धागा काढा.

(यापुढचे ३१ प्रतिसाद तर्रीच्या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)

रेघोट्या | २ ऑगस्ट, रात्री ११.२५

उशिरा येते आहे, माफ करा. चार शनिवार झाले. काय केलं ते सांगते.

पहिल्या शनिवारी करंगळी-अंगठ्याची मोजणी. सरांनी लिहिलं तसाच गलका. दुसऱ्या शनिवारी मनगटावर ठिपके. आमच्याकडे निघालेली नावं: चिंचेचा, बिस्किटाचा, मातीच्या माठाचा, आणि एक "पप्पांच्या स्कूटीच्या सीटचा".

तिसऱ्या शनिवारी जोड्या करून समोरासमोर बसवलं. नियम एकच, कागदाकडे बघायचं नाही. नजर मित्राच्या चेहऱ्यावर, पेन्सिल उचलायची नाही. दोन मिनिटं. मग बघायचं. वर्गात जे हसू फुटलं, शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. कुणाचं नाक कानात, कुणाचा डोळा हनुवटीच्या खाली. पण प्रत्येक चित्रात तो विशिष्ट मुलगा होता. पुढचा दात पडलेला ओळखू येत होता, भांग उलटा पाडणारा ओळखू येत होता.

त्याच्यानंतर, हसून हसून दमल्यावर, पिकासोची १९३७ मधली रडणारी बाई दाखवली. वर्ग एक क्षण गप्प. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ह्यानं पण न बघता काढलं का?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? एक पोट्टी म्हणाली, नाही, ह्याने खूप वेळ बघून काढलं, म्हणून दोन्ही बाजू दिसल्या. दुसऱ्याने विचारलं, ती रडते का आहे? स्पेनमध्ये त्या वर्षी एका गावावर विमानांतून बॉम्ब टाकले होते, एवढं सांगितलं. कुणीच हसलं नाही. नंतर स्वतःचा चेहरा काढायला दिला. ४४ मधल्या चार-पाच जणांनीच पिकासोसारखं केलं, तेही आपापल्या परीने.

आज नावाचा तास. निळीच्या दोरीसाठी रांग लागली, काका. दोन तासांपैकी एक त्यातच गेला. माझा पदर निळा.

कार्ट्रिज_कागद | ३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

"न बघता काढलं का?" हा प्रश्न मला २८ वर्षांत एकाही मुलाने विचारला नाही. कारण मी कधी तो विचारण्यासारखी वेळ येऊ दिली नाही.

निळी_शाई | ३ ऑगस्ट, सकाळी ९.००

ठीक आहे. चित्र आधी की चित्रकार आधी, या वादात मी माघार घेतो. तान घोटण्यावर मात ठाम.

रेघोट्या | १६ ऑगस्ट, रात्री ९.१२

प्रदर्शन झालं. आनंदाने लिहिणार होते, पण नाही.

चौदाच्या संध्याकाळी मी ४४ चित्रं व्हरांड्यात लावून घरी गेले. सकाळी येऊन बघते तर प्रत्येक चेहऱ्याला काळ्या मार्करची जाड बाहेररेषा. डोळे सारखे केलेले. वाकड्या नाकांवर सरळ नाकं. "पाहुणे येणार आहेत, नीटनेटकं दिसावं" म्हणून कुणीतरी रात्री बसून केलं. चांगल्याच हेतूने, हे मला कळतं. नाव घेणार नाही. तीन तास लागले असतील बिचाऱ्यांना. पाहुणे म्हणाले, फारच सुंदर.

मातीच्या माठाच्या रंगाचा मुलगा आईला घेऊन आला. आईने विचारलं, तुझं कोणतं? तो सगळ्या भिंतीवरून दोनदा फिरला आणि म्हणाला, "माझं लावलं नाही वाटते." खाली त्याचं नाव होतं. नाव मात्र कुणी दुरुस्त केलं नव्हतं.

कन्हानकाठ | १६ ऑगस्ट, रात्री ९.३०

वाचून पोटात कालवलं.

सदर_बाजार | १६ ऑगस्ट, रात्री ९.४१

आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मुलाच्या हातातून पेन्सिल घेतली आहे, "थांब, मी दाखवते" म्हणत. मी तर परवाच.

ब्रश_नंबर_आठ | १६ ऑगस्ट, रात्री १०.१५

मॅडम, दिल छोटं करू नका. माझ्या पहिल्या बोर्डावर उस्तादांनी रात्रीतून दुसरं अक्षर मारलं होतं. मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन परत माझं मारलं. तुमचे पोट्टे काय म्हणून राहिले?

रेघोट्या | १७ ऑगस्ट, सकाळी ७.४०

मुलं म्हणाली, मागच्या बाजूला परत काढू.

रेघोट्या | २४ ऑगस्ट, सकाळी १०.०५

शेवटचा प्रतिसाद, मग धागा तुमचा.

मागच्या बाजूची चित्रं झाली. ती भिंतीवर लावलेली नाहीत, घरी दिली. फुटाळ्याची_हवा यांनी मारबतीचं लिहिलं होतं ते मी वर्गात सहज बोलले. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलांनी जुनी वर्तमानपत्रं, खराटा आणि रद्दी पुठ्ठ्यांचा बडग्या केला. चेहरा आठ जणांनी मिळून रंगवला, आठ वेगवेगळे रंग, एक डोळा समोरून आणि एक बाजूने. पाटीची अक्षरं आइस्क्रीमच्या काडीने. "र" आणि "म" मध्ये पाणी सारखं मावतंय का, यावर दोघांचं भांडण झालं.

पाटीवर काय लिहायचं ते मी विचारलं नाही. सुटीच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेच्या मैदानात मिरवणूक काढली तेव्हाच वाचलं:

"काळा मार्कर घेऊन जा गे मारबत"

वऱ्हाडी_ठेचा | २४ ऑगस्ट, सकाळी १०.०९

हाव!

ब्रश_नंबर_आठ | २४ ऑगस्ट, दुपारी १२.३०

पोरीनं फोटो मोठा करून दाखवला. "घेऊन" मधला "ऊ" जरासा दाटला आहे. बाकी मी सही करतो.

मोडीवेडा | २४ ऑगस्ट, दुपारी १.०२

"मारबत" मधला "त" कलता आहे तो मुद्दाम का?

रेघोट्या | २४ ऑगस्ट, दुपारी १.२०

विचारलं. पुठ्ठा संपला होता म्हणे.